सापोरो, बर्फ आणि 'अगं बघ' म्हणायला कुणी नसणं

भटकभवानी

सध्या मुक्काम जपानमध्ये सापोरो, होक्काइदो. हिमोत्सव नुकताच आटोपलाय. त्यामुळे हॉटेलचे दर माणसात आलेत, आणि ज्या पुतळ्यांसाठी लोक लांबून लांबून येतात ते ओदोरी पार्कात आता यंत्रं लावून पाडताहेत. ते बघायलाही गर्दी असते! बर्फाचा राजवाडा पोकलेनच्या फटक्यात खाली येतो आणि कडेला उभी असलेली आजी-आजोबा मंडळी "ओऽऽ" करतात.

एकटी आले आहे. भांडणबिंडण काही नाही. नवऱ्याला आणि लेकाला थंडी सोसत नाही, मला आवडते, एवढंच कारण.

एकट्याने फिरलं की स्वतःचा शोध लागतो असं सगळे लिहितात. मला काही लागलेला नाही. मी आपली नेहमीचीच सापडते, फक्त पाय जास्त दुखणारी. पण एक फरक जाणवला. घरच्यांबरोबर असले की मी स्थळ कमी आणि त्यांचे चेहरे जास्त बघत असते. ह्याला कंटाळा आला का, त्याला भूक लागली का, एवढे पैसे घालून आणलं ते आवडतंय का. इथे ते खातं बंद आहे. बर्फात अर्धा तास नुसती उभी राहिले तरी कुणाचा खोळंबा नाही.

आता दुसरी बाजू. मोइवा डोंगरावर गेले होते, ५३१ मीटर, रोपवे आहे. वर पोचले तेव्हा ढगात काही दिसत नव्हतं. मग एकदम फाटलं आणि खाली चौकोन चौकोन आखलेलं अख्खं शहर, दिवे लागलेलं. शेजारच्या मुलीने मित्राची बाही ओढली. बोलली काहीच नाही, नुसती ओढली. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तिकडे दुपारचे अडीच. बऱ्याच वेळाने एक अंगठा आला.

तर प्रश्न असा: एकट्याने बघितलेलं तुम्हाला पुरतं का? की कुणाला तरी दाखवल्याशिवाय ते बघून झालंच नाही असं वाटतं?

कल्याण_फास्ट

पयला! फोटो कुठायत? इनो घेऊन बसलोय.

शंकेखोर

ताई, राग मानू नका, पण सापोरोच्या हॉटेलातून इथे मंचावर हा चर्चेचा धागा काढणं म्हणजे 'अगं बघ'च झालं की. आता एकटा प्रवासी कुठे उरलाय? खिशात शंभर माणसं घेऊन फिरतो आपण. १९७२ साली कुणी एकटा सापोरोच्या हिवाळी ऑलिंपिकला गेला असता, तर घरी पत्र पोचायच्या आत तोच परत आला असता. त्याला 'एकटा' म्हणा.

भटकभवानी

शंकेखोर, रास्त आहे. पण धागा रात्री काढला, डोंगरावर नाही. त्या मिनिटाला काय करायचं हा प्रश्न आहे.

वहिनीसाहेब

पुरतं! पुरून उरतं! तुम्ही ते चेहरे बघण्याचं जे लिहिलंत ना, ते वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. ते पेपर वाचत होते.

होक्काइदो मी केलंय, पण टूरबरोबर. कंपनीचं नाव घेत नाही. मी एकटी म्हणून 'सिंगल'चे जादा पैसे मोजले, आणि एवढं करून एकटेपण मिळालं का? छे! बसमध्ये अंताक्षरी. सापोरोजवळच्या ओतारू गावच्या कालव्यावर बर्फ भुरभुरतोय, कडेला दगडी गोदामं, आणि आमच्यात चर्चा काय, तर रात्री आमटी आहे का कढी. सापोरोत घड्याळाच्या मनोऱ्यापाशी वीस मिनिटं दिली. उंच उंच बिल्डिंगांच्या मधे एक छोटीशी पांढरी लाकडी इमारत, फोटो काढायला दोन मिनिटंसुद्धा जास्त झाली.

सापोरोवासी

वहिनीसाहेब, त्या मनोऱ्याला बोल लावू नका, जपानी लोक आधीच लावतात! 'बघून निराशा होणाऱ्या ठिकाणां'च्या त्यांच्या गमतीच्या यादीत तो हमखास असतो. पण बांधलाय १८७८ साली, तेव्हाच्या कृषी महाविद्यालयाचा कवायतीचा हॉल म्हणून. आजूबाजूला काही नव्हतं तेव्हा तोच उंच होता. शहर नंतर त्याच्या डोक्यावर वाढलं. ते महाविद्यालय म्हणजेच आजचं होक्काइदो विद्यापीठ, जिथे मी सध्या नोकरी करतो.

धाग्यावर सविस्तर लिहितो संध्याकाळी. बाहेर बर्फ उपसायची पाळी माझी आहे.

घाटमाथा

अप्रिय मत मांडतो. जपानमध्ये एकटं फिरणं हा एकटा प्रवासच नव्हे. सगळं वेळेवर, सगळं खुणांनी लिहिलेलं, जेवण यंत्रावर बटण दाबून, पाकीट विसरलात तर पोलीस चौकीत जमा. कुणाशी एक शब्द न बोलता पंधरवडा निघतो. यात एकट्याने काय निभावलं?

मी नर्मदा परिक्रमा एकट्याने पायी केली आहे. तिथे रोज संध्याकाळी कुणाच्या तरी दारात उभं राहून "नर्मदे हर" म्हणावं लागतं. मग तो आत घेतो, चहा देतो, कोरा शिधा देतो, आपल्या मुलाच्या नोकरीचं सांगतो. माणूस एकटा निघतो पण त्याला एकटं राहू देत नाहीत. माझ्या लेखी प्रवास तो. तुम्ही करताय तो उत्तम आराम आहे, आणि त्यात वाईट काही नाही.

वहिनीसाहेब

घाटमाथा, अनोळखी घराच्या दारात रात्री बाईने एकटीने उभं राहणं आणि पुरुषाने उभं राहणं यात फरक आहे. तेवढं एक लक्षात ठेवा आणि मग 'आराम' म्हणा. रात्री दहाला अनोळखी शहरात मागे न बघता चालता येणं हा माझ्यासाठी प्रवासच आहे. पुण्यातही येत नाही मला ते.

शंकेखोर

+१००

घाटमाथा

हे मान्य. शब्द मागे घेत नाही, पण त्याला ही जोड देतो. बायकाही एकट्या परिक्रमा करतात, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

दोन_पोळ्या_जास्त

मुद्द्याचं कुणी विचारतच नाहीये. खाल्लं काय? आम्ही शाकाहारी. तिकडे साध्या दिसणाऱ्या भाजीच्या सारातसुद्धा माशाचा अर्क असतो म्हणे.

भटकभवानी

मी खाते सगळं, त्यामुळे वांधा नाही. पण एकट्याने जेवणं या विषयावर सापोरोला पैकीच्या पैकी. सुसुकिनो भागात रामेनच्या (म्हणजे सारातल्या नूडल्सच्या) बोळात टीचभर दुकानं आहेत. एक काउंटर, मोजक्या खुर्च्या, मालक समोरच. तिथे एकटी बसायला लाज वाटत नाही कारण जोडीने बसायला जागाच नाही. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची चटणी) घातलेलं रामेन मूळ इथलंच. वर मक्याचे दाणे आणि लोण्याचा तुकडा. लोणी वितळून पसरायच्या आत शेजारचा माणूस अर्धा वाडगा संपवून उठलेला असतो.

आणि रात्री उशिरा पार्फे! इथे पिऊन-खाऊन झाल्यावर शेवटी आइस्क्रीम-फळांचा उंच ग्लास खायची पद्धत आहे. बाहेर उणे सात आणि आत ही रांग. बऱ्याच बाया एकट्या आलेल्या.

दोन पोळ्या, तुमच्यासाठी सूप करी आहे, तीही सापोरोचीच. पातळ रस्सा, त्यात भाज्यांचे मोठे तुकडे, भात वेगळा, तिखटाची पायरी आपण सांगायची. पण रस्सा बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या नाहीतर डुकराच्या हाडांचा. विचारून घ्या.

दोन_पोळ्या_जास्त

म्हणजे भाज्या बघायच्या आणि ठेपले खायचे. समजलं.

रिकामटेकडा

बर्फावर चालायचं कसं ते सांगा. मी ऐकलंय पेंग्विनसारखं चालावं लागतं. माझी चाल लग्नानंतर तशीच झालीय, तयारी लागणार नाही.

सापोरोवासी

आलो. खांदे गेलेत.

आधी बर्फाचं. सापोरो ४३ अक्षांशावर आहे, म्हणजे युरोपातल्या फ्लॉरेन्सच्या जवळपास. तरी इथे एका हिवाळ्यात सरासरी जवळजवळ पाच मीटर बर्फ पडतो. सायबेरियातून निघालेले कोरडे गार वारे जपानच्या समुद्रावरून येताना वाफ उचलतात आणि इथे किनाऱ्याला लागल्यावर ओततात. वीसेक लाख वस्तीच्या शहरात एवढा बर्फ, असं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. रोज रात्री यंत्रं रस्ते उपसतात, ट्रक भरभरून शहराबाहेर नेतात. ट्रामच्या रुळांवर एक खास गाडी फिरते, तिला पुढे गोल फिरणारे बांबूच्या काड्यांचे झाडू लावलेले असतात. पहाटे तिचा खर्रर्र आवाज येतो.

रिकामटेकडा, चाल खरंच पेंग्विनची. पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवायचा. नवा बर्फ घसरवत नाही, दाबून काच झालेला घसरवतो. त्याला एक गमतीचं कारण आहे. पूर्वी गाड्यांच्या टायरांना खिळे असायचे. ते बर्फ फोडायचे, पण खालचा डांबरी रस्ताही खरवडायचे आणि वसंतात शहरभर धूळ. १९९० मध्ये कायद्याने ते बंद केले. नवे टायर बर्फ फोडत नाहीत, घासून चकचकीत करतात. धूळ गेली, पण चौक आरसे झाले. म्हणून आता चौकाचौकात पेट्या आहेत, आत खडीच्या पिशव्या. कुणीही काढावी आणि टाकावी.

आता घाटमाथा यांचा मुद्दा. जपानमध्ये एकट्याची सोय आहे हे खरं, पण ती पाहुण्यांसाठी केलेली नाही. २०२० च्या जनगणनेत इथली सुमारे ३८ टक्के घरं एका माणसाची निघाली. एकट्यासाठी काउंटर, एकट्यापुरती भाजी, एकट्यापुरता भात, हे सगळं त्यांच्यासाठी आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने एकाकीपणाचा प्रश्न सांभाळायला मंत्रीच नेमला. आपण आठवडाभर येऊन "काय छान एकटं राहता येतं" म्हणतो. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांना विचारा. दरवर्षी हिवाळ्यात छतावरचा बर्फ काढताना, दारापुढचा उपसताना जपानभर माणसं दगावतात, आणि त्यात बहुतेक म्हातारी असतात. आमचे आजोबा ऐकत नाहीत, म्हणून मी त्यांच्याआधी उठून त्यांच्या दारापुढचं उपसतो. ते मग उगाच काहीतरी झाडल्यासारखं करत बाहेर येतात आणि मला संत्रं देतात.

घाटमाथा

हे वाचून गप्प बसलो. ३८ टक्के म्हणजे फारच झालं.

शंकेखोर

उत्तम प्रतिसाद. तरी शंका: एकटं राहणं आणि एकाकी असणं यांची गल्लत होतेय का? ३८ टक्क्यांत नोकरीसाठी राहणारी पंचविशीची पोरंही आली.

सापोरोवासी

आली ना. आणि खूश असलेली म्हातारीही आली. म्हणूनच आकड्यावरून दुःख मोजायला जाऊ नये. मी फक्त काउंटर कुणासाठी आहे ते सांगितलं.

अवांतर: आमच्या विद्यापीठाच्या आवारात षटकोनी दगडाचं एक छोटं स्मारक आहे, भटकभवानी यांनी जरूर बघावं. नाकाया उकिचिरो या शास्त्रज्ञाने १९३६ साली इथल्या शीतगृहात जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार केला. स्फटिक धरायला त्याला आधार हवा होता. बऱ्याच धाग्यांवर प्रयोग झाले आणि शेवटी जमला तो सशाच्या केसावर! तापमान आणि वाफ किती असली की कोणता आकार येतो हे त्याने मांडलं, म्हणजे जमिनीवर पडलेला स्फटिक बघून वर आभाळात काय चाललंय ते सांगता येतं. 'हिम म्हणजे आकाशातून आलेलं पत्र' हे वाक्य त्याचंच.

कल्याण_फास्ट

ससा जागेवर होता की नुसता केस?

सापोरोवासी

केस. ससा घरी.

सुगरण_नाही

मूळ प्रश्नावर येते. मला पुरत नाही. मी एकटी खूप फिरले, नोकरीच फिरतीची आहे, आणि त्यातलं निम्मंअधिक विसरले. जे कुणाबरोबर बघितलं ते राहिलं, कारण नंतर कधीतरी "ते आठवतं का गं" असं कुणीतरी म्हणतं आणि पुन्हा उजळणी होते. एकट्याने पाहिलेल्याची उजळणी घ्यायला कुणी नसतं. फोटो असतात, पण फोटो उलटून "तेव्हा तू चिडली होतीस" असं सांगत नाही.

वहिनीसाहेब

"तेव्हा तू चिडली होतीस" हे ऐकायला लागू नये म्हणून तर एकटं जायचं!

शंकेखोर

सुगरण_नाही यांचा मुद्दा आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार. मग वही लिहा. मी वही लिहायला लागल्यापासून माझं मलाच आठवतं, आणि कुणी वाद घालत नाही.

भटकभवानी

सगळ्यांचं वाचलं. ट्रेनमध्ये आहे, ओतारूहून परततेय. सापोरोवासींनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतं की जाताना उजव्या हाताला बसा. का, ते गाडी समुद्राला लागल्यावर कळलं. रुळांच्या खालीच काळं पाणी, लाटा खडकांवर, आणि खडकांवर बर्फाच्या टोप्या. बर्फ आणि समुद्र शेजारी शेजारी मी पहिल्यांदा बघितले. आपल्या डोक्यात समुद्र म्हणजे घाम.

संध्याकाळी कालव्यावर दिव्यांचा उत्सव होता. मासेमारीच्या जाळ्यांना बांधायचे काचेचे पोकळ गोळे असतात, त्यात मेणबत्त्या लावून पाण्यावर सोडतात. गर्दी होती, पण आवाज नाही. सुगरण_नाही, तुमचं वाक्य तिथेच आठवलं. मग मी शेजारच्या एका काकूंना हाताने खूण केली, "बघा, तो विझला". त्यांनी बघितलं, मान हलवली, आणि त्यांच्या बाजूचा एक विझलेला मला दाखवला. एवढंच. मला वाटतं बाही ओढायला ओळखीचंच माणूस लागतं असं नाही.

आणि खडीच्या पिशव्यांचं अगदी खरं! स्टेशनसमोरच्या चौकात एक आजी पेटीतून पिशवी काढून स्वतःच्या पायापुढे खडी टाकत होत्या. सिग्नल पडला, तशी उरलेली पिशवी माझ्या पुढ्यात रिकामी केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. "थँक यू" म्हणेपर्यंत त्या पलीकडे.

घाटमाथा, बोलल्याशिवाय दिवस निघतो हे तुमचं बरोबर आहे. पण इथे लोक बोलण्याऐवजी खडी टाकतात बहुतेक.

घाटमाथा

हे आवडलं. 'नर्मदे हर'ला जपानी पर्याय. आता तरी फोटो टाका.

मोकळा_वेळ

वाचनमात्र होतो, पण आता विचारतोच. आई ६६ वर्षांची. बाबा गेल्याला वर्ष झालं. निवृत्तीनंतर तिने पुण्यात जपानीचे वर्ग लावले, दोन परीक्षाही दिल्या. आता म्हणते सापोरोला जायचंय, हिवाळ्यातच, आणि एकटीनेच. आम्ही म्हणालो आम्ही येतो. तर म्हणाली, तुम्ही आलात की मी तुमचीच काळजी करत बसेन. पहिली पोस्ट वाचून दचकलो, तिचंच वाक्य. पण पडली-बिडली तर? हाडं काही तरुण नाहीत. पाठवावं का?

वहिनीसाहेब

"पाठवावं का" म्हणजे? पार्सल आहे का ते?

रिकामटेकडा

आईने परवानगी मागितलीय की कळवलंय?

मोकळा_वेळ

… कळवलंय. तिकीट काढून झालंय. थर्मलचा साइज विचारायला फोन केला होता.

शंकेखोर

मग हा धागा तुमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही.

सुगरण_नाही

जाऊ द्या त्यांना. पण परत आल्या की बसून सगळं ऐका, पुन्हा पुन्हा ऐका. तुमची पाळी तेव्हा आहे.

सापोरोवासी

मोकळा_वेळ, चिंता रास्त आहे, पण उपाय आहेत. आईंना सांगा:

हॉटेल सापोरो स्टेशन ते सुसुकिनो या पट्ट्यात घ्यावं. तिथे जमिनीखालून जवळपास दोन किलोमीटर सलग चालता येतं, दुकानं, बसायला जागा, सगळं आत. ज्या दिवशी वादळ असेल त्या दिवशी वर यायचंच नाही. बूट इकडे येऊन घ्यावेत. आपल्याकडे 'स्नो शूज' म्हणून मिळतात त्यांचे तळवे या चौकांवर टिकत नाहीत. बुटांवर चढवायचे काटे इथल्या किराणा-कम-सगळं दुकानांतही मिळतात, पण दुकानात शिरताना काढायचे, नाहीतर फरशीवर घसरायला होतं. हात खिशात घालून चालायचं नाही, हातमोजे घालायचे. अंधार लवकर पडतो, फेब्रुवारीत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. प्रवासाचा आरोग्यविमा हाडांसकटचा. आणि जपानी येतंय म्हणजे त्या आपल्या सगळ्यांच्या पुढे आहेत. आमचे खालचे आजोबा बोलायला माणूस शोधतच असतात, संत्रं नक्की.

दोन_पोळ्या_जास्त

शाकाहारी आहेत का आई? असतील तर माझ्याकडून ठेपल्यांचा एक डबा.

मोकळा_वेळ

सर्वांचे आभार. आईला अख्खा धागा वाचून दाखवला. शाकाहारी नाही, पण ठेपले चालतील म्हणाली. आणि घाटमाथा यांना निरोप दिलाय: परिक्रमा पुढच्या वर्षी, तेव्हा शिध्याचं काय करायचं ते आधी सांगून ठेवा.